परक्यांचा देव

रणदिवे बाईंनी मला माझं नाव विचारलं ते त्यांच्या घरी पोटभर जेवून, हात धुऊन मी सोफ्यावर टेकले तेव्हा. तोवर मी नुसती 'अगं' होते. "अगं, लोणचं घे." "अगं, त्या खुर्चीवर नको बसू, तिचा पाय मोडलाय."

सौदी अरेबियात, खोबरमधल्या आमच्या भारतीय शाळेत तो माझा पहिला दिवस होता. माझा नवरा इक्बाल दम्मामच्या एका वाहतूक कंपनीत होता. मी नुकतीच त्याच्याकडे आले होते आणि मुलींच्या विभागात हिंदी शिकवायला लागले होते. शाळा सुटल्यावर ऑफिसातल्या फोनवरून मी इक्बालशी बोलले. त्याला यायला उशीर होणार होता. फोन ठेवून वळते तो मागे एक उंच, हाडकुळ्या बाई उभ्या. केस वेळेआधी पिकलेले, चष्मा दोरीला लोंबकळणारा, बाहेर पडताना घालायचा काळा अबाया एका खांद्यावरून घसरलेला. त्या मराठीत म्हणाल्या, "जेवली नाहीस ना अजून? चल."

मी रत्नागिरीकडची, मुसलमान. लग्नाआधी मुंबईत नोकरीसाठी खोली शोधत फिरले होते. 'नसीम' म्हटलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला दुरून ओळखता यायचं. म्हणून या बाई नाव विचारीनात तेव्हा मला आधी ते विचित्र वाटलं, मग जरा उद्धटपणाचंही. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि धीर करून म्हटलं, "तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

"नाव कळलं की माणूस हिशोब करायला लागतो," त्या म्हणाल्या, "किती वाढायचं याचा."

बाई पुण्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. नवऱ्याला इथल्या बँकेत जागा मिळाली आणि त्या कॉलेज सोडून त्याच्यामागे आल्या. इथे तत्त्वज्ञान कोण शिकणार? शाळेने त्यांना नववीचा इतिहास दिला. त्याची त्यांना खंत असावी, पण बोलून दाखवत नसत. अबायाला मात्र 'माझा वकिली कोट' म्हणत आणि तो खुंटीला अशा अडकवत की अर्ध्या वेळा जमिनीवरच पडलेला असे.

त्यांचा स्वयंपाक वाईट होता. वाईट म्हणजे खरोखरच वाईट. खिचडी तळाला लागलेली, आमटी पाण्यासारखी, पोळ्यांना आकार नाही. तरी शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे बसायला जागा नसे. एखादी नर्स असायची, कुणी जहाजावरचा माणूस, कुणाचा तरी चुलतभाऊ ज्याला अजून नोकरी लागायची होती. एकदा खालच्या मजल्यावरचा एक इजिप्शियन गृहस्थ भांडायला वर आला. यांच्या न्हाणीघरातून त्याच्या छतावर पाणी झिरपत होतं. तो दारात हातवारे करून ओरडतोय, आणि बाई आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत "तफद्दल, तफद्दल" म्हणत, म्हणजे 'या, या', त्याला आत ओढतायत. बसवला, खिचडी वाढली, लिंबाचं तिखट लोणचं वाढलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी. जेवण संपल्यावर बाईंनी त्याचं नाव विचारलं. महमूद. त्यानंतर महमूदने पाण्याचा विषय पुन्हा काढला नाही, आणि पाणीही शेवटपर्यंत झिरपतच राहिलं.

हे सगळं त्यांनी ग्रीकांकडून घेतलं होतं, असं त्या म्हणत. मला आधी ती थट्टा वाटे. पण ती थट्टा नव्हती. पुण्याला असताना त्यांनी याच विषयाचा अभ्यास केला होता: जुने ग्रीक लोक अनोळखी माणसाला कसं वागवत, आणि का. नववीच्या पुस्तकात ग्रीसवर जेमतेम काही पानं होती. बाई त्यावर कित्येक तास घेत. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता, मधली भिंत पातळ होती, आणि माझ्या मुली कबीराचे दोहे सोडून तिकडे कान लावत.

"त्यांच्याकडे एकच शब्द होता, झेनोस," बाई सांगत. "परका म्हणायचं तरी झेनोस. पाहुणा म्हणायचं तरी झेनोस. आणि यजमानालाही तोच शब्द. का? कारण आज मी दारात उभा आहे आणि तू आत आहेस, उद्या उलट होईल. दारात कोण आणि आत कोण, हा निव्वळ योगायोग."

एक मुलगी म्हणाली, "लेकिन मिस, वो चोर हुआ तो?"

"हुआ तो हुआ. खाना खाके चोरी करेगा."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "पाहुण्यालाही नियम होते बरं का. ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घराला धक्का लावायचा नाही. त्यांच्या सगळ्यात मोठ्या लढाईचं मूळ काय? पाहुणा म्हणून आला आणि यजमानाची बायको पळवून, घर फोडून गेला. त्यासाठी सगळा देश जहाजं घेऊन निघाला."

शिक्षकांच्या खोलीतही हा वाद चाले. गणिताच्या मिसेस कुरियन एकदा म्हणाल्या, "यात ग्रीकांचं विशेष काय? आपल्याकडेही पाहुण्याला देवच मानतात."

"मानतो की," बाई म्हणाल्या. "पण पाणी देण्याआधी जात विचारतो."

"आणि इथे? इथले लोक तर पाहुणचारासाठी प्रसिद्ध आहेत."

"वाळवंटातला बदू आजही परक्याला तीन दिवस सांभाळतो, काही न विचारता. त्याला ग्रीक कळले असते. पण आपण बदूचे पाहुणे नाही, आपण कफीलचे, व्हिसा देणाऱ्या मालकाचे. यजमान जेवणानंतर नाव विचारतो. कफील आधी पासपोर्ट घेतो."

मिसेस कुरियननी घाईने दाराकडे पाहिलं. असलं बोलणं तिथे कुणी मोठ्याने बोलत नसे.

मी एकदा त्यांना विचारलं, हे सगळं देवाधर्माशी का जोडायचं? चांगुलपणा म्हणून पुरेसं नाही का? बाई डाळिंब सोलत होत्या. म्हणाल्या, "नाही पुरत. हे बघ, माझ्या भावाला कुणी मारलं तर मी आहे, गाव आहे, पंच आहेत. परक्याचं कोण आहे? त्याला मारून टाकलं तरी विचारणारं कुणी नाही. परक्याला कोर्ट नसतं. म्हणून ग्रीकांनी त्याला देव दिला. त्यांचा सगळ्यात मोठा देव, आभाळातला, वीज टाकणारा. त्याचं एक नाव होतं, परक्यांचा देव. तो फाटक्या वेषात दारोदार फिरतो, असं ते मानत. मला तो देव खरा वाटतो की नाही, हा प्रश्नच नाही. ज्याच्या बाजूने कुणीही नाही त्याच्या बाजूने कुणीतरी असलं पाहिजे, एवढं त्यांना कळलं होतं. माणुसकीची सगळी परीक्षा तिथेच होते. ओळखीच्या माणसाशी कोण वाईट वागतो?"

पुढे नव्वद सालचा ऑगस्ट आला आणि इराकने कुवेत घेतलं.

पहिल्या काही दिवसांत सीमेवरून गाड्यांची रीघ लागली. कुवेती कुटुंबंच्या कुटुंबं खोबर-दम्मामच्या रिकाम्या इमारतींत उतरली. रस्त्यावर अमेरिकन सैनिक दिसू लागले. दुकानांतून पाण्याच्या बाटल्या नाहीशा झाल्या. लोक विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले. आमच्यातल्या कितीतरी बायका मुलांना घेऊन भारतात निघून गेल्या, काही जेद्दा-राबिघकडे नातेवाइकांकडे सरकल्या. शाळा उशिरा उघडली तेव्हा वर्ग अर्धे रिकामे होते.

कुवेतमधले बहुतेक भारतीय इराकमार्गे जॉर्डनकडे गेले. थोडेसे आडवाटेने वाळवंट तुडवत इकडे आले. त्यांतलेच टिपणीस. कुठल्याशा मोठ्या दुकानाचे मॅनेजर, बरोबर बायको आणि दहा वर्षांची मुलगी. धुळीने माखलेल्या एका लांबलचक गाडीतून ते आले, कुणीतरी त्यांना बाईंचा पत्ता दिला होता. मी तेव्हा तिथेच होते. मिसेस टिपणीसनी डबा उराशी धरला होता, त्यात दागिने होते. टिपणीस दारात उभे राहून सांगू लागले, "मी मोहन टिपणीस, माझे साडू तुमच्या बँकेच्या मुंबई ऑफिसात..."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी हात धुवा."

मुलगी जेवता जेवता ताटावरच झोपली. बाईंनी तिला उचलून आपल्या पलंगावर नेऊन ठेवलं, आणि तो पलंग पुढे टिपणीसांचाच झाला. रणदिवे साहेब आणि बाई बाहेरच्या खोलीत गादी घालून झोपू लागले. साहेब ठेंगणे, अबोल, बँकेतल्या माणसाला शोभेल असे सावध. बाईंच्या पाहुण्यांची त्यांना सवय होती. कधी नाही म्हणाले नाहीत, कधी पुढाकारही घेतला नाही.

टिपणीस राहिले ते आठवडेच्या आठवडे राहिले. त्यांचे कागद कुवेतच्या शिक्क्यांचे. गाडी सोडून जायची त्यांची तयारी नव्हती आणि गाडी नेण्याची परवानगी मिळत नव्हती. हळूहळू ते घर त्यांच्या अंगवळणी पडलं. "वहिनी, आज मासळी नाही?" "वहिनी, एसी जरा आवाज करतो." मिसेस टिपणीस मला म्हणाल्या, "यांच्या हाताला चवच नाही हो." मी ते बाईंना सांगितलं. बाई खो खो हसल्या. "खरं आहे की! पाहुण्याने खोटं बोलावं असा नियम नाही."

नागमणी सापडली ती जिन्यात. शाळेतून बाई आणि मी बरोबरच येत होतो. दुपारचं ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक बाई भिंतीला चिकटून बसली होती, अनवाणी, अंगावर तिच्या मापाचा नसलेला अबाया. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, कातडी सोलवटलेली. इस्त्रीने भाजलेलं असावं. आम्हाला पाहून तिने डोकं गुडघ्यांत घातलं.

बाईंनी हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं. तिला कळेना. मग अरबीत म्हणाल्या, "जेवायचं?" ते कळलं.

ती आंध्रातली होती, कडप्याकडची. कुवेतमध्ये एका घरी मोलकरीण. मालक मंडळी पळून आली तेव्हा तिला बरोबर आणलं, पासपोर्ट मात्र तिकडेच राहिला. इथे आल्यावर त्यांनी तिला एका नातेवाइकाच्या घरी ठेवून दिलं आणि ते पुढे कुठेतरी निघून गेले. त्या दुसऱ्या घरात काय झालं, ते तिच्या हातावर दिसत होतं. हे सगळं आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, तिच्या कुवेती अरबीतून आणि बाईंच्या मोडक्या अरबीतून. दोघी भारतीय, आणि एकमेकींशी बोलायला तेवढीच एक भाषा.

त्या संध्याकाळी साहेब पहिल्यांदा बोलले. "वसुधा, हे कायद्यात बसत नाही. पळालेल्या बाईला घरात ठेवणं म्हणजे काय, माहीत आहे तुला? माझा इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल. आपण दोघंही आत जाऊ."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तिला परत जिन्यात नेऊन बसवू?"

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना साहेबांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. चपला होत्या, बायकी, निळ्या पट्ट्यांच्या.

नागमणी स्वयंपाकघरालगतच्या सामानाच्या खोलीत झोपे. तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि त्या घरात प्रथमच चांगलं जेवण शिजू लागलं. चिंचेचं आंबटगोड सार, परतलेली भेंडी, मऊ भात. पण ती टेबलाशी बसेना. बाईंनी हाताला धरून बसवलं तेव्हा मिसेस टिपणीस उठल्या.

"आम्ही नंतर जेवू," त्या म्हणाल्या.

"का?"

"वहिनी, असं काय करता? मोलकरीण आहे ती."

बाई वाढायचं थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या घरात सध्या दोन घरचे पाहुणे आहेत. दोघेही कुवेतहून आलेत, दोघांचेही कागद नीट नाहीत. मला तरी फरक दिसत नाही."

टिपणीसांचे कान लाल झाले. मला वाटतं, ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं.

आमचा बेत साधा होता. दूतावासाची माणसं कुवेतहून आलेल्या भारतीयांसाठी तात्पुरते कागद करायला शुक्रवारी दम्मामला यायची होती. इक्बाल तिला आपल्या गाडीने तिथे नेणार होता. एकदा कागद हातात आले की बाकीचं दूतावास बघेल. नागमणीला हे सांगितलं तेव्हा तिने बाईंचे पाय धरले. बाईंनी पाय इतक्या झटक्याने मागे घेतले की चष्मा खाली पडला. "असं करायचं नाही," त्या मराठीतच ओरडल्या. ते तिला कळलं असावं, कारण ती हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

पण शुक्रवारच्या दोन दिवस आधी, दुपारीच ते आले. बाई, नागमणी आणि मी जेवत होतो. घंटा वाजली, बाईंनी दार उघडलं. दोन पोलीस, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या पायघोळ तोबमधला एक तरुण, हातात गाडीची किल्ली फिरवणारा. त्या दुसऱ्या घरातला. त्याने थेट आत बोट दाखवलं.

मला वाटलं बाई आता रडतील, भांडतील. त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "तफद्दल. बसा. कॉफी घ्या."

तरुण पोलीस गोंधळला. त्याच्याबरोबरचा दुसरा वयस्क होता, दाढी पिकलेली. त्याने बाईंकडे पाहिलं, मग टेबलाकडे. नागमणीचा हात भातात होता तसाच थांबला होता. त्याने उंबऱ्याच्या बाहेरच राहून छातीवर हात ठेवला. "ला, या उख्ती," तो म्हणाला. नको, बहिणी.

"एक घोट," बाई म्हणाल्या.

"ला."

नंतर इक्बालने मला सांगितलं. तो कित्येक वर्षं अरब ड्रायव्हरांबरोबर वाळवंटातून फिरलेला. त्या म्हाताऱ्याने बाईंची कॉफी घेतली असती तर त्यांच्या घरातून कुणाला ओढून नेणं त्याला जमलं नसतं. बाई काय करतायत ते त्या घरात त्या एकट्यालाच कळलं होतं. म्हणूनच त्याने घेतली नाही.

त्याने एवढंच केलं, त्या किल्लीवाल्याला मागे सारलं आणि नागमणीकडे बोट करून म्हणाला, "तिला जेवू दे." आणि दाराबाहेर पाठ करून उभा राहिला.

बाईंनी तिच्या ताटात भात वाढला. नागमणीने एक घास उचलला, तो तोंडात फिरवत राहिली. गिळवेना. बाई तिच्या शेजारी बसून अरबीत सांगत होत्या, "खा, खा." आतल्या खोलीचं दार बंद होतं. आत टिपणीसांचा ट्रान्झिस्टर चालू होता, बातम्या ऐकू येत होत्या.

शेवटी नागमणीच उठली. हात धुतले. ताट उचलून मोरीत ठेवलं. चपला घातल्या. बाईंनी तिच्या खांद्यावर स्वतःचा अबाया घातला, कारण तिचा फाटला होता, आणि ती जिना उतरून गेली. मागे वळली नाही. तरुण तिच्यापुढे किल्ली वाजवत चालला होता.

बाईंनी मला घरी जाऊ दिलं नाही. "थांब," म्हणाल्या, "आज मी एकटी नको." साहेब आले, त्यांना सांगितलं.

रात्री जेवणाच्या वेळी टिपणीस बाहेर आले. नेहमीच्या जागी बसले, पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि कुणी काही विचारायच्या आत बोलू लागले. "मी लपवत नाही. मीच सांगितलं. आमच्या परवानगीसाठी गेलो होतो, तिथे विचारलं, त्या घरात कोण कोण राहतं. सरकारी माणसासमोर खोटं कसं बोलणार? उद्या तिच्यापायी आम्ही सगळेच अडकलो असतो. मुलगी आहे माझी. आणि वहिनी, तुमच्याही भल्याचंच केलं. तुमचे मिस्टर वाचले."

साहेब उठले. ताट तसंच टाकून गच्चीच्या दारात जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

बाईंनी टिपणीसांच्या ताटात भात वाढला. आमटी वाढली. "लिंबू घ्या," म्हणाल्या. त्यांच्या मुलीला तूप वाढलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले.

"बाई, यांना घालवून द्या. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"का? ग्रीकांचेच नियम ना? पाहुण्याने घराला धक्का लावायचा नाही?"

"तो नियम त्याचा. तो त्याने मोडला. माझा नियम वेगळा आहे." त्या नळ सोडून हात धुवत होत्या, धुवतच राहिल्या. "पाहुणा नीट वागला तर मी यजमान, नाहीतर नाही, असं असेल तर तो व्यापार झाला, नसीम. दुकान झालं."

"मग तुम्हाला राग येत नाही?"

त्यांनी नळ बंद केला. "मला त्याच्या आमटीत विष घालावंसं वाटतंय," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "तरी तो आहे तोवर मी वाढणार. हे चांगलं आहे असं समजू नकोस. मला आता काय चांगलं ते कळत नाही."

शुक्रवारी दूतावासाची माणसं आली आणि गेली. बाई साहेबांना घेऊन पोलीसचौकीत गेल्या. तिथे एकाने सांगितलं, तिला कफीलच्या घरी परत दिली. दुसऱ्याने सांगितलं, इथे असं कुणी आलंच नाही. तिसऱ्याने हात झटकले, "खलास." त्या घराचा पत्ता मिळाला तेव्हा तिथे कुलूप होतं. लोक रियाधला गेले, असं शेजारी म्हणाले.

टिपणीस त्यानंतरही राहिले. परवानगी आली तेव्हा त्यांनी साहेबांना मिठी मारली, मिसेस टिपणीसनी बाईंना वाकून नमस्कार केला. "आमच्यासाठी तुम्ही देवासारख्या धावून आलात," त्या म्हणाल्या. बाईंनी त्यांना वाटेसाठी डबा दिला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशा त्या जिन्यातच खाली बसल्या आणि उलटी झाली त्यांना.

पुढच्या महिन्यांत मी बाईंना विझत जाताना पाहिलं. तेव्हाच यमनी लोकांना देश सोडावा लागला. त्यांचं सरकार इराकच्या बाजूचं ठरलं म्हणून या माणसांच्या राहण्याच्या सवलती गेल्या. आमच्या कोपऱ्यावरचा भट्टीवाला सालेम, त्याचं सगळं आयुष्य खोबरमध्ये गेलेलं, टेम्पोत गाद्या आणि पातेली रचून जिझानच्या वाटेने सीमेकडे निघाला. बाई त्याला निरोप द्यायला गेल्या. त्याने त्यांना गरम रोट्यांची चळत दिली आणि भट्टीवर पाणी ओतलं. परत येताना बाई मला म्हणाल्या, "परक्याला देव दिला म्हणजे काय दिलं गं? नुसता साक्षीदार दिला. साक्षीदार काय करतो? बघत बसतो."

शुक्रवारची जेवणं बंद पडली. कुणी तसं जाहीर केलं नाही. कधी गॅस संपलेला असे, कधी त्यांचं डोकं दुखत असे. महमूद एकदा वर आला, दारातच थोडा वेळ उभा राहून खाली गेला. वर्गात बाई पुस्तकातलं होतं तेवढंच शिकवू लागल्या. भिंतीपलीकडून मला पानं उलटल्याचा आवाज येई.

साहेबांचा इकामा बँकेने पुढे वाढवला नाही. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. जानेवारी लागला, लढाई आता कोणत्याही दिवशी सुरू होईल असं सगळे म्हणत होते, आणि त्यांना मुंबईच्या विमानाची तिकिटं मिळाली. इक्बाल आणि मी त्यांना धहरानच्या विमानतळावर सोडायला गेलो.

तिथे तोबा गर्दी होती. ट्रंका, रडणारी पोरं, गॅसमास्कच्या पेट्या खांद्याला लावलेले सैनिक. भिंतीच्या कडेला, फरशीवर, देशाबाहेर पाठवायच्या मोलकरणींची एक लांब रांग बसवलेली होती. आपल्याकडच्या, श्रीलंकेच्या, फिलिपाइन्सच्या. कुणाकडे पिशवी, कुणाकडे तीही नाही. एक पोलीस पासपोर्टांचा गठ्ठा घेऊन टोकाला उभा होता.

बाईंनी आपली बॅग साहेबांच्या हातात दिली आणि त्या रांगेकडे गेल्या. एकेकीसमोर वाकून तोंड बघत पुढे सरकू लागल्या. काही जणी मान वर करत, काही करत नसत, तेव्हा बाई खाली बसून बघत. सगळी रांग संपली. त्यात ती नव्हती.

त्या परत येतील असं वाटलं. त्या आल्या नाहीत. रांगेच्या शेवटी थोडी जागा होती, तिथे त्या फरशीवर बसल्या. नव्या अबायात, भिंतीला पाठ लावून, त्या बायकांच्या शेजारी. पोलिसाने येऊन काहीतरी सांगितलं, उठा अशी खूण केली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. विमानाची घोषणा झाली. साहेब हातातल्या दोन्ही बॅगा सांभाळत गेले, त्या खाली ठेवल्या, आणि बायकोच्या दंडाला धरून तिला उठवू लागले. ती उठेना. मग तेही तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. काय, ते आम्हाला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने बाई उठल्या. काचेच्या दारातून आत गेल्या तेव्हा साहेबांनी त्यांचा दंड अजून धरलेला होता, आणि त्या झोपेत चालणाऱ्या माणसासारखं पाऊल टाकत होत्या.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.